इनेसच्या चित्रात खंजीर कुठून आले?

पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत पाऊल टाकले की नजर आधी भिंतींवरच्या निळ्या अझुलेजो फरश्यांवर, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत पोर्तुगीज टाइल्सवर, जाते. जॉर्ज कोलासो यांच्या १९३५ सालच्या या कामात पोर्तुगीज कवी कामोंइशच्या ‘लुझियादस’ महाकाव्यातले प्रसंग आहेत. वास्को द गामाचा पोवाडा म्हणून आपण हे काव्य बाजूला ठेवतो. पण तिसऱ्या सर्गात पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीच्या राजाला पोर्तुगालचा इतिहास सांगता सांगता गामा एका बाईच्या हत्येपाशी रेंगाळतो. रशियन चित्रकार कार्ल ब्रुलोवचे १८३४ मधले ‘इनेस द कास्त्रोचा मृत्यू’ हे चित्र समजून घ्यायचे तर तिथूनच सुरुवात करावी.

इनेस आजच्या स्पेनमधल्या गॅलिसियातल्या सरदार घराण्यातली. युवराज पेद्रोची पत्नी कोन्स्तांसा हिच्या परिवारातून ती पोर्तुगालात आली. पेद्रो तिच्यात गुंतला. कोन्स्तांसा वारल्यावर दोघे एकत्र राहू लागले, मुले झाली. इनेसच्या भावांचे वजन वाढताना पाहून राजा अफोन्सो चौथा धास्तावला आणि सल्लागारांच्या सांगण्यावरून ७ जानेवारी १३५५ रोजी कोइम्ब्रात तिला मारवले. मठातल्या जुन्या नोंदीत फक्त शिरच्छेद आहे. विनवणी नाही, मुलेही नाहीत.

विनवणी आणि मुले आणली कवींनी. १५१६ मध्ये छापलेल्या कवितेत गार्सिया द रेसेंदेने मृत इनेसला बोलते केले. कामोंइशने १५७२ मध्ये, कीर्तनकाराने आख्यान रंगवावे तसा, प्रसंग फुलवला: हवे तर मला हद्दपार करा, पण या लेकरांकडे पाहा, असे ती म्हणते. राजा द्रवतो, भोवतालचे द्रवत नाहीत. (हा कवी १५५३ मध्ये गोव्यात उतरला होता. त्याची पहिली छापील कविताही गोव्यातच, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरील ग्रंथात आली.)

कामोंइशच्या मारेकऱ्यांकडे तलवारी आहेत; ब्रुलोवने खंजीर दिले. मला ही निवड नेमकी वाटते. तलवारीला अंतर लागते, खंजिराला नाही. म्हणून गुडघे टेकलेली आई, बिलगलेली मुले आणि मारेकरी एकाच घोळक्यात मावतात. घाव मात्र अजून बसलेला नाही. म्हणून चित्र पाहताना इनेसइतकेच राजाकडेही पाहावे. त्याने हात वर केला असता तर सगळे थांबले असते.

१३५७ मध्ये पेद्रो राजा झाला. तिघा मारेकऱ्यांपैकी दोघे हाती लागले, त्यांची हृदये उपटली गेली. त्याने इनेसच्या प्रेताला मुकुट घातल्याचीही गोष्ट सांगतात. तिला समकालीन आधार नाही, तरी प्येर-शार्ल कोंतने १८४९ मध्ये तेही चित्र रंगवलेच.