लॉन हिरवं आहे म्हणजे मुळं धड आहेत?

"निवडक तणनाशक फक्त तण मारतं, गवत हिरवं राहिलं म्हणजे त्याला काहीच झालेलं नाही," असा मेसेज सातारा-सांगलीकडच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, डोळ्यांना पातीच दिसते.

पण पेंडीमिथॅलिन हे तणनाशक घ्या, कांदा-सोयाबीनमुळे इकडं ओळखीचं. उगवणाऱ्या तणाच्या मुळाच्या टोकाशी ते पेशींचं विभाजन थांबवतं. ते मातीच्या वरच्या थरातच राहतं, त्यामुळे तिथं फुटणारं गवताचं नवं मूळही तावडीत सापडतं: आखूड राहतं, टोक गदेसारखं फुगतं. लॉनमधल्या हरळीचे (शेतात जिच्या नावानं बोटं मोडतो तीच) धावते फुटवे पसरतात, पण पेरांतून मुळं नीट धरत नाहीत. जुनं, खोल मुळांचं लॉन सहसा निभावून नेतं. पंचाईत नव्या लावणीची. एप्रिलच्या उन्हात पाण्याची पाळी चुकली की तीच आधी पिवळी पडते.

तपासायचंय? फवारताना हातभर जागा प्लॅस्टिकनं झाका. महिना-दीड महिन्यानं दोन्हीकडचा गड्डा खुरप्यानं काढून बादलीत धुवा. झाकलेल्या जागेची मुळं लांब, पांढरी, बारीक आणि फवारलेल्या जागेची आखूड, जाड निघाली, तर पुढची फवारणी थांबवा.