शेडीवरचं पाणी

रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हाच हिशेब गुंठ्यात मांडला की डोळे विस्फारतात: एका गुंठ्यावर एका पावसाळ्यात सुमारे ३ लाख लिटर पाणी. तरीही एप्रिल उजाडला की सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, वाड्यांत टँकरसाठी हंडे रांगेला लागतात. कोकणचं पाणी समुद्राला जातं, असं म्हणून आपण विषय संपवतो. समुद्राला तर ते जाणारच. पण चार तासांत जातं की चार महिन्यांनी, यावर वाडीची विहीर अवलंबून असते. आणि हा वेळ पुष्कळसा मातीतल्या कार्बनवर ठरतो.

घराशेजारची विहीर खणताना मी काठावर उभा होतो. वर जांभा दगड, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. बरंच खाली गेल्यावर पहार मऊ लागायला लागली आणि घमेल्यातून पिवळट-गुलाबी, साबणासारखी बुळबुळीत माती वर आली. "शेडी लागली," खालून आवाज आला. जांभ्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी या शेडीवर येऊन अडतं, तिच्या उतारानं आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर पडतं. दिवाळीनंतरही व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो तो या साठ्यावर.

हा जांभाच मुळात पाणी आणि कार्बन यांनी मिळून घडवलाय. पावसाचा थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो. मातीत उतरल्यावर त्याला तो कितीतरी जास्त मिळतो, कारण मुळं आणि जिवाणू श्वासावाटे तो सतत सोडत असतात. त्यातून सौम्य कार्बनिक आम्ल तयार होतं. बेसॉल्टचा काळा कातळ या आम्लानं लाखो वर्षं कुरतडला, त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका वाहून गेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं. जांभ्याच्या चिऱ्याचा तांबडा रंग या लोहाचा. हवेतून आलेला कार्बन मात्र बायकार्बोनेट होऊन पाण्यासोबत नदीवाटे समुद्रात गेला.

पानातही हीच जोडी दिसते. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पान ज्या सूक्ष्म रंध्रांची दारं उघडतं, त्याच दारांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. कार्बनचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू खर्च होतात. या कार्बनचं लाकूड होतं, मूळ होतं, पाचोळा होतो. पाचोळ्यावर वाळवी, गांडुळं, बुरश्या जगतात. त्यांनी पोखरलेल्या आणि मुळांनी भेदलेल्या जमिनीत पाऊस मुरतो. म्हणून मातीतला कार्बन गेला की पाण्याची वाटही बुजते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

आता उन्हाळ्यातला वणवा आठवा. माघ-फाल्गुनात कुणीतरी गवताला काडी लावतं आणि रात्रभर डोंगराच्या कडेनं आगीची माळ सरकत राहते. पाचोळ्यात साठलेला कार्बन काही तासांत हवेत परत जातो. मृगाचा पाऊस मग उघड्या जमिनीवर थेट आदळतो, बारीक माती उडून भोकांत बसते, वर पापुद्रा धरतो. ओढ्याला पहिलं पाणी राख आणि तांबडी माती घेऊन येतं.

उतारावर जेसीबी फिरवून सगळी झाडी साफ करायची, कलमं लावायची आणि मधल्या गवतावर तणनाशक मारायचं, याचाही परिणाम तसाच. आंब्या-काजूचं झाडसुद्धा कार्बन साठवतं, हे खरं. बागायतदाराच्या पोटावर पाय आणणारं बोलणं मला करायचंही नाही. पण किंजळ, ऐन, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या आणि त्यांखालचा घोट्याइतका पाचोळा गेला, तर नुसत्या कलमांच्या रांगा पाणी तितकं धरू शकत नाहीत. कलमांमध्ये गवत कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरलं, तर फरक एका पावसाळ्यात दिसतो.

चिरेखाणीत तर पाणी मुरवणारा हा जांभ्याचा स्पंजच कापून ट्रकवर चढतो. सरकारी कागदावर सडा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असतो, त्यामुळे तो गेल्याचं कुणाला वाटतही नाही. खालच्या वाडीचा झरा का आटला, याचं उत्तर अनेकदा वरच्या सड्यावर शोधावं लागतं.

पाण्यासोबत निसटलेला मातीतला कार्बन खाडीत पोहोचतो आणि तिथे तिवर, चिप्पी, कांदळ ही खारफुटीची झाडं त्याची वाट अडवतात. भरतीचं पाणी मुळांच्या जाळीत मंदावतं, गाळ खाली बसतो. ओहोटीला त्या चिखलात पाय घातला तर गुडघ्यापर्यंत रुततो आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. चिखलात ऑक्सिजन पोहोचत नाही, म्हणून तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात. त्यामुळे पानं-मुळं पुरती कुजत नाहीत आणि त्यांतला कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहतो. उष्ण कटिबंधातल्या सर्वाधिक कार्बन साठवणाऱ्या जंगलांत खारफुटीची गणना होते. कोळंबीच्या तलावासाठी हा चिखल उपसून वर टाकला की त्याला हवा लागते आणि साठा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटू लागतो. झाडं पुन्हा लावता येतात, गाळाचे थर मात्र नव्यानं साठायला फार काळ लागतो.

त्यात पाऊसही बदलतोय. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. तेच पाणी मग थोड्या तासांत कोसळतं आणि मुरायला उसंत मिळत नाही.

म्हणूनच मला पावसाळा सरल्यावर व्हाळावर घालतात ते कच्चे बंधारे फार मोलाचे वाटतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या रचतात, फटींत पाचोळा आणि चिखल दाबतात. एका सकाळचं काम, दहा-बारा माणसांचं. संध्याकाळपर्यंत मागे कमरेइतकं पाणी चढतं. ते काठच्या जमिनीत शिरतं, शेडीवर उतरतं आणि काही दिवसांनी शेजारच्या विहिरीची ओली रेघ एक-दोन पायऱ्या वर आलेली दिसते.