रेफ्रिजरेशनचे आयटीआय आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा: फरक नेमका कशात आहे

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक प्रश्न हमखास कानावर येतो: मुलाला फ्रिज-एसीच्या लाइनला घालायचे आहे, तर आयटीआय करावे की डिप्लोमा? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. गुण कमी असतील तर आयटीआय, बरे असतील तर डिप्लोमा. दोन्ही अभ्यासक्रम दहावीनंतरचे, दोन्हींचे प्रवेश ऑनलाइन, आणि कॉम्प्रेसर-कंडेन्सर हे शब्दही दोन्हीकडे सारखेच. त्यामुळे एकाच जिन्याची खालची आणि वरची पायरी अशी त्यांची ओळख रूढ झाली आहे. माझ्या मते ही ओळखच मुलांचे नुकसान करते.

आयटीआयमधील रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. राज्यात त्याचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. येथे दिवसाचा मोठा भाग वर्कशॉपमध्ये जातो. तांब्याची नळी कापणे, तिचे तोंड फ्लेअर करणे म्हणजे फुलवून रुंद करणे, ब्रेझिंग म्हणजे धातूची कांडी वितळवून नळ्या जोडणे, ते करताना नळीतून नायट्रोजन हळूहळू सोडत राहणे (तो न सोडल्यास आतून काळी खपली धरते आणि पुढे तीच कॅपिलरीत, म्हणजे गॅसच्या केसासारख्या बारीक नळीत, जाऊन अडकते), गळती शोधणे, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढणे आणि मगच काट्यावर तोलून गॅस भरणे, हा क्रम शिल्पनिदेशक, म्हणजे आयटीआयचे शिक्षक, हातात बसेपर्यंत करून घेतात. किनाऱ्यावर या क्रमाला विशेष मोल आहे. खाऱ्या हवेने आउटडोअर युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या भुसभुशीत होतात, नळ्यांना बारीक छिद्रे पडतात, आणि ग्राहक मात्र ‘गॅस संपला, भरून द्या’ एवढेच सांगतो. गॅस वापरून संपत नसतो, तो गळतो. गळती न शोधता गॅस भरून जाणारा माणूस दोन महिन्यांनी पुन्हा त्याच दारात उभा असतो. आताच्या बहुतेक नव्या एसींमध्ये आर-३२ हा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे जुन्या सवयीने काम उरकणे धोक्याचेही आहे.

डिप्लोमा तीन वर्षांचा असून त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. रत्नागिरी आणि मालवण येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. पालकांचा खरा गोंधळ येथे होतो. मुलगा ज्या शाखेत जातो ती सहसा मेकॅनिकल असते. रेफ्रिजरेशन हा त्यातला शेवटच्या टप्प्यात येणारा एक विषय. त्याआधी गणित, ड्रॉइंग, यंत्रांची रचना आणि उष्मागतिकी यांतून जावे लागते. ब्रेझिंगची टॉर्च त्याच्या हाती क्वचितच येते, मात्र यंत्र किती क्षमतेचे घ्यावे हे कागदावर काढता येते.

देवगडच्या एखाद्या बागायतदाराला ५ टन हापूस ३३ अंशांवरून १३ अंशांवर आणायचा आहे असे समजू. एक किलो आंबा एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ३.७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यामुळे २० तासांत हे काम करायचे तर फळांपुरती साधारण ५ किलोवॉटची, म्हणजे जवळजवळ दीड टनाची क्षमता लागते. हा टन आंब्याच्या वजनाचा नव्हे. २४ तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ करण्याचा जो वेग, त्याला एक टन म्हणतात. तो सुमारे ३.५ किलोवॉट भरतो. बंदरावर बर्फ विकणाऱ्याला ही व्याख्या एसी विकणाऱ्यापेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे. पुढे भिंतींतून येणारी उष्णता, दार उघडल्यावर शिरणारी दमट हवा आणि आंबा श्वसन करताना स्वतःच सोडत असलेली उष्णता मिळवावी लागते. तापमान १३ अंशांच्या फार खाली नेले तर थंडीने साल काळवंडते, हेही या हिशेबातच धरावे लागते.

बंदरावरच्या बर्फ कारखान्यात हे दोन्ही शिक्षणक्रम समोरासमोर येतात. तेथे मिठवणीची टाकी शून्याखाली आठ-दहा अंशांवर ठेवलेली असते, तिच्यात पत्र्याचे डबे बुडवून लाद्या जमवतात आणि यंत्रणा बहुधा अमोनियावर चालते. अमोनिया ओलाव्यासह तांब्याला खातो, म्हणून तेथील सर्व नळ्या पोलादी असतात आणि त्यांना वेल्डिंग लागते. एसीच्या नळ्यांवर हात बसलेल्या आयटीआयवाल्याला येथे नव्याने शिकावे लागते. डिप्लोमावाल्याला कारण पाठ असते, पण अमोनियाचा पहिला भपकारा आल्यावर कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, हे त्याला जुन्या ऑपरेटरलाच विचारावे लागते.

शिकाऊ उमेदवारीतही फरक आहे. आयटीआयवाला ट्रेड अप्रेंटिस होतो, डिप्लोमावाला टेक्निशियन अप्रेंटिस. जून-जुलैत मासेमारी बंद असताना बर्फ कारखान्यांची मोठी दुरुस्ती निघते. तेव्हा उघडलेला कॉम्प्रेसर पाहायला मिळाला तर तो कोणीही चुकवू नये.

उष्णतेच्या बाजूचे काम या दोन्ही प्रमाणपत्रांत आपोआप येत नाही. काजू कारखान्यात बिया वाफवण्यासाठी बॉयलर असेल, तर तो चालवायला बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

किनाऱ्यावरच राहून स्वतःचा धंदा करायचा असेल, तर मी गुण चांगले असलेल्या मुलालाही आधी आयटीआय सुचवेन. दोन वर्षांचा योग्य ट्रेड पूर्ण केलेल्यास डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्याला अडते ते गणित, कारण पहिल्या वर्षाचे गणित झालेलेच नसते. म्हणून प्रवेशाची वाट न पाहता ते पुस्तक आयटीआय सुरू असतानाच हाती घ्यावे.