बार्नेकलची पिल्लं जागा कशी निवडतात?

पावसाळ्यात वरळी कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की तळाला चिकटलेली पांढरी, धारदार कवचं दिसतात. नुसता हात फिरवला तरी सोलवटून निघतो. हे बार्नेकल. एकदा चिकटलं की जन्मभर तिथंच. पण त्याआधी यातला प्रत्येक जीव मिलिमीटरभरही नसलेला, पोहणारा डिंभक, म्हणजे पिल्लू, होता, आणि ती फळी त्यानं पारखून घेतलेली असते.

बार्नेकलला कवच असल्यामुळे पूर्वी त्याची गणना शंखशिंपल्यांतच व्हायची. जॉन वॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरानं पोहणारी पिल्लं बूड टेकून कवचधारी होताना पाहिली आणि 1830 मध्ये दाखवून दिलं, की हे तर खेकडा-कोळंबीच्या भावकीतले.

तरीही अशा समुद्री जीवांचं पिल्लू लाटेनं नेईल तिथं चिकटतं, असंच बराच काळ मानलं जाई. तो समज मोडला इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जीवशास्त्रज्ञ डग्लस विल्सन यांनी. वाळूत राहणाऱ्या ओफेलिया या किड्याचे डिंभक मनाजोगती वाळू मिळेपर्यंत रूपांतरण, म्हणजे प्रौढ रूपात बदलणं, चक्क लांबणीवर टाकत. तीच वाळू तापवली, की तिची ओढ जाई. कणांवरचा जिवाणूंचा पातळ थर त्यांना हवा असतो, हे त्यातून पुढं आलं. वाळू धुऊन, भाजून, पुन्हा समुद्राच्या पाण्यात मुरवून केलेलं हे चिकाटीचं काम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं.

1953 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नाइट-जोन्स यांनी दाखवलं, की बार्नेकलची पिल्लं आपल्याच जातीच्या प्रौढांशेजारी बसतात. पिल्लू पुढच्या दोन स्पर्शिकांवर अक्षरशः चालत पृष्ठभाग चाचपतं. प्रौढांच्या अंगावरचं प्रथिन स्पर्शिकेला लागलं, की जागेची खूण पटते. या अवस्थेत ते काही खात नाही. साठवलेली चरबी संपायच्या आत निर्णय घ्यावाच लागतो.

जिवाणूंच्या थरात नेमकं असतं काय, याचं एक उत्तर 2014 मध्ये मिळालं. उबदार बंदरांत आढळणाऱ्या हायड्रॉइडिस या नळीकिड्यावर हवाईत मायकेल हॅडफिल्ड यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम चाललं होतं. विषाणूच्या शेपटीसारख्या, झटक्यात आखडणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचे जुडगे एक जिवाणू तयार करतो आणि त्यांच्यामुळेच या किड्याचं रूपांतरण सुरू होतं, असं आढळलं.

प्रवाळांचे डिंभकही असेच चोखंदळ. खडकावरचं गुलाबी, चुनखडी शेवाळ आणि त्यावरचे जिवाणू त्यांना थांबवतात. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी-हाजी अलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली गेली. ती नव्या जागी तगली, तरी पुढची पिढी तिथं बसेल की नाही हे त्या खडकावरच्या थरावर ठरणार आहे.