पाळी आणि ओव्हरटाइमचा करार (विदर्भ)

कामाचे तास, पाळ्या, सुट्टीचा वार आणि जादा कामाचा दर यावर युनियन आणि मालकात होणारा लेखी करार. बोलताना लोकं नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. विदर्भात गावाकडे तो कोळसा आणि मँगनीजच्या खाणी, सूतगिरण्या, काही प्रमाणात जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणं) इथे दिसतो.

दिवसाला आठ तास आले कधी यावर एकमत नाही. जयंतीच्या भाषणात हमखास ऐकू येतं की बाबासाहेबांनी 1942 मध्ये चौदा तासांचे आठ केले. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते हे खरंच आहे, पण कायदा काढून पाहिला तर 1934 मध्येच बारमाही कारखान्याला आठवड्याचे 54 आणि हंगामी कारखान्याला 60 तास ठरले होते, आणि बारमाहीचे 48, म्हणजे सहा दिवस धरून दिवसाला सरासरी आठ, झाले ते 1946 च्या दुरुस्तीने, जिचं विधेयक बाबासाहेबांनीच मांडलं. त्यामुळे 1946 धरणं जास्त बरोबर वाटतं, श्रेय त्यांचंच राहतं. आपल्याकडे मुद्दा वेगळाच आहे, जिनिंग म्हणजे हंगामी काम, म्हणून वऱ्हाडातला जिनवाला कामगार जास्त तासांच्या बाजूला पडायचा. बारमाही-हंगामी हा भेद 1948 च्या कारखाने कायद्याने काढून टाकला.

त्या कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, मधली विश्रांती धरून एकूण पसारा (कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा वेळ) साडेदहा तास, आणि 9 किंवा 48 तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता. ही होती कमाल मर्यादा. करार कायद्याच्या मर्यादेच्या आतलं ठरवतो: पाळी कधी बदलणार, नोटीस किती दिवस आधी, रातपाळी कोणाला सलग किती आठवडे. करारात 42 तास असतील आणि माणूस 46 भरला तर मधल्या 4 तासांना कायद्याचा दुप्पट दर लागत नाही, तिथे करारात जे लिहिलं तेच, म्हणून ही एक ओळ सुटली की मजुरी बुडते. उक्त्या (नगावर मजुरीच्या) कामाचं आणखी किचकट, तिथे 1948 च्या कायद्यात मागच्या महिन्यातल्या त्याच कामाच्या रोजच्या सरासरी कमाईवरून दर काढायचा होता.

जिनिंगमध्ये खरा तंटा बसून राहिलेल्या वेळेचा. कापसाच्या गाड्या दुपारी आल्या की रेचे (सरकी काढायची यंत्रं) दुपारी सुरू होतात, केसांवर रुई बसलेल्या रेजा (मजूर बाया) मात्र सकाळपासून गेटच्या आत, आणि हजेरी वहीत मशीन चालू झाल्याची वेळ. पसाऱ्याचे तास गेटपासून मोजायचे हे करारात स्पष्ट लिहून घ्यायलाच हवं, तोंडी कबुलीवर सोडू नये.

कोळसा खाणीत मजुरीचा करार देशपातळीवर होतो, अकरावा 2023 मध्ये झाला. 1952 च्या खाण कायद्यात जमिनीखाली दिवसाला 8 तास होते, जादा कामाला इथेही दुप्पट दर होता.

तास किंवा पाळी बदलायची तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 21 दिवसांची नोटीस होती. नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिता लागू झाल्या, त्यात ही नोटीस आणि दुप्पट दर दोन्ही आहेत, शिवाय ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते.

गोंदिया-भंडाऱ्यात घरी विडी वळणाऱ्या बायांना मजुरी हजारी (हजार विड्यांमागे), म्हणून तिथे भांडण तासाचं होत नाही, बाद केलेल्या विड्यांचं होतं.