यकृताचा वाफसा

पुण्यात घरात कुणाला कर्करोग निघाला की आठ-पंधरा दिवसांत एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतो: ब्लॉक. 'ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या,' असं डॉक्टर सांगतात. मग मुलगा किंवा जावई टिळक रोडवरच्या लॅबमधून पाकीट उचलतो, मेण उन्हानं मऊ पडेल म्हणून स्कूटरच्या डिकीत न टाकता खांद्याच्या पिशवीत ठेवतो आणि पहाटेच्या गाडीनं परळला टाटामध्ये पोचवतो. आत असतो प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवलेला मेणाचा तुकडा, आणि त्या मेणात गाठीचा नखाएवढा अंश. हा रोग पुढे यकृतात जाईल का, याचा माग अशा तुकड्यांतून काढता येईल का, हे संशोधक शोधत आलेत.

हा प्रश्न जुना आहे. 1889 मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जननं स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या 735 बायकांच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग पोचला होता 241 जणींच्या, प्लीहेत फक्त 17 जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे जातं! पॅजेटनं लिहिलं, बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. शेती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. तरी 1920 च्या दशकात अमेरिकेतले जेम्स युइंग म्हणाले की रक्ताचा पाट जिकडे, तिकडे रोग; आणि पुढची कित्येक वर्षं तेच चाललं. त्यात तथ्यही होतं. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी यकृतातच येतं, म्हणून मोठ्या आतड्याचा रोग पहिल्यांदा बहुधा तिथेच दिसतो. सत्तरच्या दशकापासून आयझाया फिडलर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांनी पॅजेटचं म्हणणं पुन्हा उभं केलं.

गाठीतल्या खुणा शोधायचं नेमकं साधन मिळालं ते 1975 मध्ये, मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच नेमक्या चिकटणाऱ्या अँटिबॉडी, तयार करता येऊ लागल्या तेव्हा. ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा, अँटिबॉडी लावायची. हवं ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. 2006 मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटानं मोठ्या आतड्याच्या गाठींत टी-पेशी, म्हणजे शरीराच्या बचावातल्या पेशी, मोजून दाखवलं की या पेशींची दाटी असेल तर रोग उलटण्याचा धोका कमी. म्हणजे कर्करोगाच्या पेशींइतकंच त्यांच्याभोवती कोण आहे हेही महत्त्वाचं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यापुढचं काम. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटानं 2015 मध्ये दाखवलं की स्वादुपिंडातली गाठ सूक्ष्म पुड्या रक्तात सोडते आणि पेशी पोचण्याआधीच यकृताची मशागत करून ठेवते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वाफसा, म्हणजे पेरणीला हवी तशी ओल धरलेली जमीन. 2024 मध्ये याच गटानं स्वादुपिंडाच्या ऑपरेशनच्या वेळी, वरकरणी निरोगी यकृताचा छोटा तुकडा घेतला. ज्यांच्या यकृतात पुढे रोग आला, त्यांच्या तुकड्यात बदल आधीच झालेले होते.

ही तपासणी रोजच्या रिपोर्टात आलेली नाही. मोठ्या आतड्याच्या रुग्णाला आज केआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांतल्या बदलांच्या आणि एमएमआर, म्हणजे डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांच्या, तपासण्या सांगतात, आणि त्याही पिशवीतल्या त्याच ब्लॉकमधून होतात.