कुद्रेमुख शिखराचा वनपरवाना : अर्ज नेमका कुठे अडतो

कर्नाटकातील कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात सुमारे १,८९० मीटर उंचीच्या शिखरापर्यंत जाणारी पायवाट एका दिवसातच, वनखात्याला मान्य असलेल्या स्थानिक वाटाड्यासोबत आणि आगाऊ काढलेल्या परवान्यावर चालता येते. पावसाळ्यात पुण्या-मुंबईहून तिकडे जाणाऱ्यांची रीघ असते. त्यातील काहींना पहाटे पायथ्याच्या मुल्लोडी गावातील वनखात्याच्या फाटकावरूनच परत फिरावे लागते आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण कागदपत्रांचे असते.

मूळ घोटाळा सवयीचा आहे. आपल्याकडे बहुतेक गडांवर पायथ्याशी गेले, असेल ते शुल्क भरले आणि चढायला लागले, असे चालते. राष्ट्रीय उद्यानाला मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्याच्या कलम २७ नुसार परवान्याविना आत जाता येत नाही आणि कलम २८ नुसार पर्यटन, छायाचित्रण, संशोधन अशा ठरावीक कारणांसाठीच परवाना मिळतो. सार्वजनिक रस्त्याने उद्यान ओलांडणाऱ्याला या कायद्यात सूट आहे. त्यामुळे कारकळहून कळसा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने गाडी जाऊ दिली, म्हणजे रस्त्यालगतच्या जंगलातही उतरता येईल असे कोणी समजू नये.

अर्ज कर्नाटक वनखात्याच्या ‘अरण्य विहार’ या संकेतस्थळावर करायचा असतो. जानेवारी २०२४ मधील जोडसुट्टीत त्याच राज्यातील कुमार पर्वतावर हजारोंची गर्दी लोटली. त्यानंतर वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी ऑनलाइन आरक्षणाची सोय नसलेल्या वाटा तात्पुरत्या बंद केल्या आणि पुढे आरक्षण या संकेतस्थळावर आले. भ्रमणध्वनी क्रमांकाने नोंदणी करणे, वाट आणि तारीख निवडणे, माणसांचा तपशील भरणे, पैसे भरणे या पायऱ्या सरळ आहेत.

पहिली चूक वाट निवडताना होते. यादीत कुद्रेमुख आणि नेत्रावती ही शिखरे वेगवेगळी आहेत. दोन्हींकडे जाणारे लोक संसे-कळसा परिसरातच मुक्काम करत असल्याने एकीची जागा संपली की दुसरीचा परवाना काढून ‘तिथे गेल्यावर बघू’ असा विचार केला जातो. तिथे गेल्यावर कोणी काही बघत नाही. परवाना त्या वाटेचा आणि त्याच तारखेचा असतो.

दुसरी चूक नकाशाची आहे. नुसते ‘कुद्रेमुख’ असे टाकले की नकाशा बहुधा खाणीसाठी वसवलेल्या कुद्रेमुख गावात नेऊन सोडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ च्या अखेरीस लोहखनिजाची ती खाण बंद झाली आणि वसाहत बरीचशी ओस पडली. शिखराची वाट तिथून सुरू होत नाही. त्यासाठी कळसा-संसेकडून मुल्लोडी गाठावे लागते, आणि शेवटचा कच्चा चढ स्थानिक जीपनेच पार करणे शहाणपणाचे आहे. हा फरक सकाळी सहा वाजता लक्षात आला, तर तो दिवस गेलाच म्हणून समजा.

सर्वाधिक लोक अडतात ते नावावर. परवाना गटाचा वाटला तरी त्यात प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा तपशील असतो, आणि फाटकावरचा वनरक्षक कागदावरील एकेका नावावर बोट ठेवून समोरच्याचे ओळखपत्र ताडून पाहतो. आयत्या वेळी एक मित्र गळला म्हणून त्याच्या जागी दुसऱ्याला नेता येत नाही. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि अर्जात ‘माऊली’ असे असेल, तर घरी सगळे त्याच नावाने हाक मारतात हा खुलासा तिथे कामी येत नाही. मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे आणि परवाना छापून न्यावा. मुल्लोडीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि ‘मेलमध्ये आहे, उघडत नाहीये’ हे वाक्य ऐकून तिथली माणसे कंटाळलेली आहेत.

सहल नेणाऱ्या संस्थांबाबत एक कळकळीची सूचना. ‘परवान्याचे आम्ही पाहतो’ असे सांगून पैसे घेतले जातात. अशा वेळी निघण्याआधी तुमच्या नावाचा परवाना मागून घ्या आणि त्यावरची तारीख स्वतः वाचा. दुसऱ्याच्या नावाच्या परवान्यावर किंवा फेरफार केलेल्या कागदावर नेले जात असेल, तर फाटकावर थांबवले जाणारे तुम्हीच असता. त्या वेळी संयोजक फोन उचलेलच याची खात्री नाही. घरगुती मुक्कामाचे आरक्षण म्हणजे परवाना नव्हे, ही गोष्टही अनेकांना तिथे पोहोचल्यावरच कळते.

पात्रतेच्या रकान्यात लिहिलेले नसले, तरी ही चाल जाऊन-येऊन सुमारे अठरा ते वीस किलोमीटरची आहे. शिखरावर किंवा वाटेत रात्र काढायला बंदी असल्याने संध्याकाळच्या आत खाली येणे बंधनकारक आहे. त्यामुळे सकाळचा उशीर पुढे भरून निघत नाही. उशिरा पोहोचलेल्यांना वाटाडे ‘ओंटी मर’, म्हणजे एकट्या झाडाच्या टप्प्याच्या थोडे पुढून परत आणतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. पिशव्यांची झडती होते व प्लास्टिक काढून घेतले जाते, म्हणून खाऊ डब्यात न्यावा. पावसाळ्यात जळवा असतात. त्यांच्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

तारखेबाबत शेवटचे. साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळाभर वणव्याच्या भीतीने ही वाट बंद ठेवली जाते, आणि जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन किंवा वनखाते ती आयत्या वेळीही बंद करते. हातात परवाना असला तरी त्या आदेशापुढे त्याचा उपयोग नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी परताव्याच्या अटी वाचाव्यात, आणि मंगळूरुपर्यंतच्या रेल्वेची परतीची तिकिटे एक दिवस हाताशी राहील अशा बेताने काढावीत.